माणसाच्या सहकार्यावरचं पुस्तक वाचनगटात कसं घ्यावं

माणूस समाजात असा का वागतो, यावर प्रत्येकाचं मत पुस्तक उघडण्याआधीच तयार असतं. म्हणून उत्क्रांतीवरच्या बैठकीत आधी खेळ, मग पुरावा आणि मतं सगळ्यात शेवटी, हा क्रम मोडू नका.

आठ किंवा बारा जण जमवा. खेळाला चौघांचे गट लागतात. ठाणे, ऐरोली, वाशी अशी विखुरलेली मंडळी असतील तर शनिवारी संध्याकाळी भेटा. रविवारी मेगाब्लॉक असला की निम्मे पोचतच नाहीत.

पुस्तक एकच धरा. सुरुवातीला मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांचं ‘मदर्स अँड अदर्स’ (२००९) फार चांगलं. इंग्रजी जड जाणाऱ्यांसाठी एकाने प्रत्येक प्रकरणाचा दहा मिनिटांत मराठी सारांश सांगायचा. विमानाच्या दाटीत अनोळखी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, पण त्यांच्या जागी चिंपांझी असते तर काय झालं असतं, इथून हर्डी सुरुवात करतात. सकाळची ठाणे-वाशी लोकल पकडणाऱ्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही. हर्डी यांचं म्हणणं असं: चिंपांझीची आई पहिले काही महिने पिल्लू कुणाच्या हाती देत नाही. माणसाचं मूल मात्र आजी, मावशी, मोठी भावंडं अशा अनेक हातांत वाढत आलं, आणि दुसऱ्याचं मन ओळखायची आपली क्षमता त्यातूनच फुलली.

आता खेळ. प्रत्येकाकडे दहा गुण. सामायिक खात्यात किती टाकणार ते चिठ्ठीवर लपवून लिहायचं. जमलेली रक्कम दुप्पट करून चौघांत सारखी वाटायची. सगळ्यांनी दहा टाकले तर प्रत्येकाला वीस. एकाने काहीच टाकलं नाही तर त्याच्याकडे पंचवीस आणि बाकीच्यांकडे पंधरा! पाच फेऱ्या खेळा. खात्यात टाकलेल्या गुणांचा आकडा सहसा घसरत जातो. पुढच्या पाच फेऱ्यांत चिठ्ठ्या उघड करा आणि शिक्षेची मुभा द्या: स्वतःचा एक गुण खर्चून दुसऱ्याचे तीन कापता येतील. फेर आणि गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांच्या २००२च्या प्रयोगात अशा शिक्षेने योगदान वाढलं होतं. जुन्या मित्रांत खेळ फसतो, कारण उद्या तोंड दाखवायचं असतं. तेव्हा दर फेरीला गट बदला.

नात्यांचं गणित निघालं की जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनचा १९६४चा नियम फळ्यावर मांडा: नात्याची जवळीक गुणिले घेणाऱ्याचा फायदा हा देणाऱ्याच्या तोट्याहून मोठा हवा. सख्खं भावंड १/२, चुलत १/८. इथे कुणीतरी हमखास विचारतं, ‘चिंपांझीशी ९८ टक्के साम्य, मग भावाशी निम्मंच कसं?’ १/२ हा आकडा एकूण साम्याचा नाही. अलीकडच्या समान पूर्वजाकडून जनुकाची तीच प्रत दोघांकडे आलेली असण्याची ती शक्यता आहे.

फळ्यावर तीन रकाने आखा: काय दिसलं, का घडलं असावं, काय करावं. तिसरा शेवटची पंधरा मिनिटंच उघडायचा. ‘म्हणजे नातवंडं आजीनेच सांभाळावीत’ हे वाक्य येणारच. ते तिसऱ्या रकान्यातच लिहा, कारण निसर्गात जे घडलं ते आपलं कर्तव्य ठरत नाही. जात आणि स्त्री-पुरुष भूमिकांबद्दल तर ही शिस्त अजिबात सैल करू नका. टांझानियातल्या हाडझा या शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या समाजातल्या आज्या नातवंडांसाठी कंद खणतात, हे निरीक्षण पहिल्या रकान्यात जातं. लाखो वर्षांपूर्वीही तसंच होतं, हा अंदाज दुसऱ्यात.