युद्धापूर्वीच्या जपानी फोल्डिंग कॅमेऱ्यात पहिला रोल कसा घालावा

सेमी मिनोल्टा (१९३४), सेमी पर्ल (१९३८), मामिया सिक्स (१९४०): यांतला एखादा कॅमेरा हाती आला तर त्याला कपाटात बसवून ठेवू नका. त्याला लागणारा १२० चा रोल (मागे कागद असलेली रुंद फिल्म) आजही मिळतो. तपासणी मात्र क्रमाने करा.

आधी बेलोज, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये असलेला घड्यांचा भाता. तो पूर्ण उघडा, मागचं झाकण काढा, अंधाऱ्या खोलीत आत बारीक टॉर्च धरा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे न्याहाळा. भोकं बहुतेक तिथेच पडतात, कारण मिटताना-उघडताना सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. टाचणीएवढं छिद्र काळ्या फॅब्रिक पेंटने बुजतं. पेंट पुरता वाळेपर्यंत कॅमेरा मिटू नका. सगळेच कोपरे झिजले असतील तर बेलोज बदलावा लागेल.

मग शटर. संथ वेगांवर अडकत असेल तर आतलं जुनं वंगण घट्ट झालेलं असतं. वरून तेल कधीही सोडू नका, ते शटरच्या पात्यांवर पसरतं. जाणकाराकडून साफ करून घ्या.

मामिया सिक्समध्ये फोकससाठी लेन्स हलत नाही. मागच्या चाकाने फिल्मच पुढेमागे सरकते. या कॅमेऱ्यात फिल्म दाबून धरणारी पट्टी सुटी असते आणि हमखास हरवते, म्हणून घेण्याआधी ती आहे ना ते बघा.

रोल सावलीत भरा. ‘सेमी’ कॅमेऱ्यात ६×९ सें.मी.च्या निम्मी चौकट, म्हणजे रोलमागे १६ फोटो. मागे दोन लाल खिडक्या असतील तर फिल्मच्या कागदावरचा १ हा आकडा पहिल्या खिडकीत आणून फोटो काढा, मग तोच १ दुसरीत आणून पुढचा. त्यानंतर २. आजच्या फिल्मवर लाल प्रकाशाचाही परिणाम होतो, तेव्हा आकडा पाहून झाला की खिडकीवर काळी टेप लावाच.

फार महत्त्वाचं: कॅमेरा सावकाश उघडा आणि उघडल्यावरच फिल्म पुढे सरकवा. झटक्यात उघडला तर बेलोज हवा ओढतो, फिल्म पुढे फुगते आणि फोटोचा फोकस जातो.

त्या काळच्या लेन्सना कोटिंग (काचेवरची चमक कमी करणारा थर) नाही. सूर्य पाठीशी ठेवा, लेन्सवर सावली धरणारं हूड लावा. लख्ख उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला एफ/१६ इतकं लेन्सचं छिद्र आणि १/१०० सेकंदाचा शटर-वेग पुरतो.