बडोद्यात कॉलेजच्या आवारातला पाला न जाळता त्याचं खत कसं करायचं

जुलैत वृक्षारोपण, बॅनर, एकेका रोपाला चार-चार जण धरून फोटो, आणि मार्चमध्ये त्याच आवारात सकाळी साडेसातला पाल्याचा धूर, हे मी दोन वेगवेगळ्या कॅम्पसवर बघितलंय (नावं घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल). म्हणून कोणी विचारलं की ग्रीन कॅम्पससाठी काय करू तर मी सांगतो नवीन रोप नंतर लाव, आधी जुन्या झाडांचा पाला वाचव. मुळाजवळची माती झाडून झाडून उघडी पडते, आपली काळी चिकण माती मग मे महिन्यात अशी भेगाळते की बोट आत जातं, आणि मग आपणच टँकर मागवतो.

नियम तर कधीचा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं की बागेचा कचरा वेगळा ठेवायचा आणि तो आपल्याच आवारात साठवायचा, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली, साधं जाळलं तर ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळलं तर २५,००० रुपये दंड. पण नियमाची झेरॉक्स घेऊन भांडायला जाऊ नका, मी गेलोय, काही होत नाही, फक्त साहेब लोक आपल्याला "तो पर्यावरणवाला" म्हणायला लागतात.

पाला कोण जाळतं ते बघा आधी. झाडणाऱ्या बायका, आपण त्यांना मासी म्हणतो. आणि का जाळतात, तर ट्रॅक्टर चार दिवस येत नाही, सुपरवायझरला दहाच्या आत रस्ता साफ पाहिजे आणि ढीग ठेवला तर वाऱ्याने परत पसरतो. त्यांच्या जागी मी असतो तर मीपण काडी लावली असती. म्हणून पहिलं काम म्हणजे दोन-तीन दिवस सकाळी सातला जाऊन त्या कुठून कुठपर्यंत झाडतात, ढीग कुठे करतात ते नुसतं बघायचं. खताची जाळी (म्हणजे पाला कुजवायचा जाळीचा गोल पिंजरा, कसा करायचा ते पुढे) तिथेच लावायची, त्या ढिगापासून वीस पावलांच्या आत. आम्ही पहिल्या वर्षी जाळी लावली मागे बोटॅनिकलच्या कुंपणाजवळ, कारण तिथे "छान दिसेल" असं ठरलं, कोण कशाला टोपली उचलून तिकडे नेईल! दुसऱ्या वर्षी पार्किंगच्या बाजूला आणली आणि मासींना म्हटलं "सळगावशो नहीं, अमने आपी दो" (जाळू नका, आम्हाला द्या), तर आठवडाभरात त्याच आम्हाला ओरडायला लागल्या की जाळी भरली, दुसरी कधी लावताय.

जागा निवडताना अजून दोन गोष्टी. एक, सावली पाहिजे पण खोडाला चिकटून नको. दोन, उंचवटा पाहिजे. ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीच्या पुराने काय केलं ते सगळ्यांना आठवतंय, त्या पाण्यात सखल जागेतली वर्षभराची मेहनत गेली असती. आणि नदीच्या किंवा कांसाच्या (पावसाच्या पाण्याच्या नाल्याच्या) काठावर पाला, राडारोडा काहीच टाकू नका, "कुजेल तिथेच" असं म्हणणारे भेटतात. विश्वामित्रीत मगरी आहेत, आणि मगर मादी काठाच्या मातीत भोक खणून अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, म्हणजे बरोबर आपल्या पानगळीच्या दिवसांत, आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. आपण वरून चार ट्रॉल्या ओतल्या तर तिची जागा गेली. शिवाय तिथे टोपली घेऊन उभं राहणं हा शहाणपणा नाहीच.

परवानगी लेखी घ्या. एका पानाचा अर्ज, कुठे, किती जाळ्या, कोण बघणार, एवढंच. एनएसएस किंवा बॉटनीच्या सरांची सही असली की काम लवकर होतं, नाहीतर सुट्टीत कोणीतरी जाळी उचलून भंगारात देतं.

आता जाळी. हार्डवेअरच्या दुकानातनं कोंबडीची जाळी घ्या, १ मीटर उंचीची, ४ मीटर लांब. टोकं जोडून गोल केली की सव्वा मीटर व्यासाचा पिंजरा होतो, बाइंडिंगच्या तारेने तीन ठिकाणी बांधा, झालं. यापेक्षा लहान करू नका, ढीग लहान असला की आतली गरमी टिकत नाही. सिमेंटचा हौद बांधायचा मोह होतो, फंड असला की जास्तच होतो, पण हवा खेळत नाही आणि हलवताही येत नाही.

पाला भरण्याआधी वेचायचा. पानमसाल्याच्या पुड्या, स्ट्रॉ, सेव-उसळच्या प्लॅस्टिकच्या वाट्या, सगळं. कंटाळवाणं काम आहे, चौघांनी गप्पा मारत करायचं. लॅबच्या बाजूचा कचरा घेऊच नका, आणि लॉनवर तणनाशक मारलं असेल तर पुढच्या दोन-तीन कापण्यांचं गवतसुद्धा नको.

सगळी पानं सारखी नसतात हे आम्हाला उशिरा कळलं. गुलमोहर, शिरीष यांची बारीक पानं पटकन कुजतात. कडुनिंबपण ठीक, लोक उगाच घाबरतात की कडू असतं म्हणून खत होणार नाही, होतं. त्रास देतात ते वड आणि आसोपालव (उंच सरळ वाढणारा खोटा अशोक). ज्या गावाचं नावच वडावरनं पडलं तिथे वडाची पानं टाळून कसं चालेल, पण ती चामड्यासारखी असतात, एकावर एक बसली की पत्रावळीसारखा थर होतो आणि पाणी वरनंच वाहून जातं. म्हणून ती आधी पसरून पायाने चांगली तुडवा आणि जुन्या ड्रममध्ये रात्रभर भिजवा, मग इतर पानांत मिसळून टाका.

सुक्या पानांत कार्बन भरपूर, नायट्रोजन कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन असं जेवण लागतं, सुक्या पानांत ते ५०-६० ला १ असतं, कधी त्याहून जास्त. म्हणून ओलं काहीतरी द्यायचं. सगळ्यात सोपं शेण. वीतभर पाल्याचा थर, त्यावर बादलीभर पाण्यात कालवलेलं टोपलीभर शेण, मग थोडी बागेतली माती, परत पाला. शेण नसेल तर ताजं कापलेलं गवत, कँटीनचा चहाचा चोथा (दूध-साखर धुवून, नाहीतर मुंग्यांची जत्रा), भाजीची देठं. आपल्या मराठी घरांतनं चैत्रात हळदीकुंकवाच्या निमित्ताने कैरीच्या साली आणि कोयी निघतात, साली घ्या, कोयी राहू द्या. गणपतीचं निर्माल्यपण उत्तम, फक्त दोरा आणि थर्माकोल काढून. गूळ-ताकाचं पाणी शिंपडा असं खूप जण सांगतात, मी दोन्ही करून बघितलं, मला काही फरक दिसला नाही, ताक पिऊन टाका.

पाणी हाच खरा मुद्दा, कारण आपली पानगळ उन्हाळ्याच्या तोंडावर येते आणि मग ४२ डिग्री. आमचा पहिला ढीग फेब्रुवारीत भरला, रोज संध्याकाळी वरनं पाइप मारायचो आणि खूश असायचो, जूनमध्ये उघडला तर वरची चार बोटं काळी आणि खाली पानं कुरकुरीत, जशी टाकली तशी, मधोमध कोणाचं तरी इंटर्नलचं हॉल तिकीट निघालं, फोटोसकट स्वच्छ वाचता येत होतं. तर भरतानाच प्रत्येक थर भिजवा, आणि नंतर आतलं मूठभर काढून घट्ट दाबा, एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच नाही तर पाणी द्या. वर जुनं गोणपाट ओलं करून टाका. लॅबच्या एसीचं गळणारं पाणी बादलीत धरा, फुकट आहे आणि त्यात क्षार जवळपास नसतातच. आरओचं फेकलेलं पाणी मात्र रोज नको, तिथे उलट क्षार जास्त.

तीन-चार दिवसांनी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढून हात लावा. चटका बसला म्हणजे गाडी सुरू, आत ५५-६० डिग्री असतं तेव्हा. गार लागली तर बहुतेक पाणी किंवा शेण कमी पडलंय. वास आला, सडक्या अंड्यासारखा, तर उलटं, पाणी जास्त आणि हवा कमी, सुका पाला घालून ढीग पलटा. पलटणं महिन्यातनं दोनदा केलं तरी पुरे: तार सोडायची, जाळी काढून शेजारी परत गोल करायची आणि बाहेरचं आत, आतलं बाहेर असं भरायचं. पलटण्याआधी काठीने ढीग ठोकून दोन मिनिटं थांबा, आत धामण बसलेली असू शकते, नागही असू शकतो, निघाला तर शूरपणा नको, फॉरेस्टवाल्यांना फोन करा. परीक्षेच्या काळात कोणीच येत नाही हे धरून चाला, तेव्हाच्या पाण्यासाठी माळीकाकांशी आधीच बोलून ठेवा, आणि नुसतं बोलून नाही, रोज चहा तुमच्याकडून.

पावसात वरनं ताडपत्री टाका, बाजू उघड्या ठेवा. नीट ओलं राहिलं तर चार-पाच महिन्यांत खत होतं, म्हणजे मार्चचा ढीग जुलै-ऑगस्टला तयार, वडाची पानं जास्त असतील तर दिवाळी. तयार झालं हे कसं ओळखायचं? रंग काळपट, पानाचा आकार गेलेला, सळई गार, आणि वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. भरलेली कंबरभर जाळी गुडघ्यापर्यंत खाली बसते, घाबरू नका, कोणी चोरलेलं नाही.

जाड चाळणीने चाळा. खत नवीन रोपांना घालताना खोडापासून चार बोटं सोडून गोल आळं करा, खोडाला लागलं की साल कुजते. मोठ्या झाडांना घालायला गेलात की कळेल बऱ्याच ठिकाणी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घातलेत. दिल्लीसाठी एनजीटीने २०१३ मध्येच झाडाभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलंय, आपल्या अर्जात तेवढाच आकडा लिहा आणि कुठली कुठली झाडं ते फोटोसकट जोडा. चाळणीवर जे राहील, काड्या, वडाच्या शिरा, अर्धवट पानं, ते फेकू नका, पुढच्या जाळीच्या तळाला घाला, त्यातले जिवाणू तयारच असतात.