जुना कम्प्युटर स्लो झालाय? फॉरमॅट मारू नका, डिस्क बदला

दुकानात कम्प्युटर नेला की पहिलं वाक्य ठरलेलं, "फॉरमॅट मारावा लागेल." पाचशे रुपये जातात, घरी आणल्यावर आठ-पंधरा दिवस बरा चालतो आणि मग पुन्हा तेच, बटण दाबून चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळून झाला तरी स्क्रीनवरचं चक्र आपलं फिरतंच आहे. नातेवाईक, शेजारी सगळे धरून मी आतापर्यंत वीस-पंचवीस तरी असे डबे उघडलेत, त्यामुळे आता कुणी "रजिस्ट्री क्लीनर टाक" किंवा "राइट क्लिक करून रिफ्रेश मार" म्हणालं की डोकं फिरतं. रिफ्रेशने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा रंगवले जातात, बस. दिवसातून शंभर वेळा मारा, वेगात काडीचा फरक पडत नाही. आणि ते फुकटचे "स्पीड बूस्टर" तर स्वतःच मागे चालू राहून रॅम खातात.

आधी रोग कुठे आहे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. कम्प्युटर चालू केल्यावर पहिली पाच मिनिटं तिथे नजर ठेवा. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) दहा-वीस टक्क्यांवर निवांत आणि डिस्कचा रकाना लालभडक, १०० टक्के, असं दिसलं तर बाकी काही शोधत बसू नका. मी बघितलेल्या जुन्या मशीनपैकी बहुतेकांचं हेच होतं.

कारण साधं आहे. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, डेस्कटॉपच्या डिस्कमध्ये सहसा मिनिटाला ७२०० वेळा, लॅपटॉपच्यात बहुतेक ५४००. ७२०० ची धरली तरी एका फेरीला आठ मिलिसेकंदांच्या वर जातात, शिवाय वाचणारं हेड या टोकाकडून त्या टोकाकडे सरकायला वेळ लागतो, म्हणजे इथे-तिथे विखुरलेल्या बारीक फायली उचलायच्या असतील तर सेकंदाला शंभरेक उचलल्या तरी खूप झालं. २००९ च्या विंडोज सेव्हनला ते निभावत होतं. २०१५ मध्ये विंडोज टेन आलं, फुकट अपग्रेड होतं म्हणून सगळ्यांनी केलं, आणि ते मागे अपडेट उतरवतंय, अँटिव्हायरस तपासतंय, सर्चसाठी फायलींची यादी बनवतंय, आणि तेवढ्यात तुम्ही क्रोमवर डबल क्लिक करताय. ऑफिसात शिपाई एक आणि टेबलं दहा, सगळ्यांनी एकदम घंटी वाजवली तर तो बिचारा नुसता पळतच राहणार. हार्ड डिस्कच्या जागी टाकायची ती एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं, ती अशा फायली सेकंदाला हजारोंनी देते. तुमचा प्रोसेसर २०१३ साली जेवढा पळायचा तेवढाच आजही पळतो, तो नुसता डिस्कची वाट बघत बसलेला असतो.

एसएसडी घेताना अडीच इंची साटावाली घ्या (साटा म्हणजे जुनी हार्ड डिस्क जोडलेली असते तीच जोडणी). दुकानदार नवीन पट्टीसारखी एम डॉट टू गळ्यात मारेल, जुन्या मदरबोर्डावर तिला जागाच नसते. बोर्डाचा साटा पोर्ट जुना, सेकंदाला ३०० एमबीवाला असला तरी चालतं, फरक डोळ्यांना दिसतोच. घरच्या कामाला २४०-२५६ जीबी पुरते.

रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, बोर्डाला डीडीआर थ्री जातीची रॅम लागते का फोर ते आधी बघा. धूळ ब्लोअरने उडवा, फक्त पंखा बोटाने धरून, नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग जातं. पंखा कायम बोंबलत असेल तर प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर न्यायला मदत करते ती) पुसून नवी लावा, मटारच्या दाण्याएवढी.

आता खरी गोम. विंडोज जुन्या डिस्कवरून नव्या एसएसडीवर न्यायचं. व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकतात, आणि मी मात्र इथेच तोंडावर आपटलोय.

कराडला माझे मामा घरातल्या एका खोलीत लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका सेट करून देतात. २०१३ चं आय थ्री मशीन, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. पहिल्यांदा मी हुशारी केली, एसएसडी जोडली, जुनी डिस्क पण तशीच ठेवली (म्हटलं डेटा कॉपी करायला सोपं) आणि एसएसडीवर नवीन विंडोज टाकलं. चाललं! एकदम झकास चाललं, तीस सेकंदांत डेस्कटॉप. आठवड्याने सगळा डेटा इकडे घेऊन जुनी डिस्क पुसून टाकली, रिकामी जागा मामांना वापरायला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस नाही म्हणतोय, आणि मला संध्याकाळी पत्रिका द्यायचीये."

झालं असं होतं की विंडोज एसएसडीवर बसलं पण कम्प्युटर सुरू करणाऱ्या बूटच्या फायली त्याने जुन्याच डिस्कवर ठेवल्या, कारण तिथे आधीपासून बूटचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) होतं. इन्स्टॉलर ना विचारतो ना सांगतो. मी जुनी डिस्क पुसली म्हणजे घराची किल्लीच नदीत टाकली. शेवटी एकटी एसएसडी जोडून सगळं पहिल्यापासून टाकलं, वर मामांचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्याचं डोंगल (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), त्याचा ड्रायव्हर, युनिकोडच्या आधीचे ते सगळे फॉन्ट, यात रात्र गेली. पत्रिका दुसऱ्याच कुणीतरी सेट करून दिली.

त्यामुळे माझा नियम पक्का आहे, नवीन विंडोज टाकताय तर जुन्या डिस्कची केबल आधी उपसून काढा. बायोसमधून (विंडोजच्या आधीचा बोर्डाचा सेटिंगचा पडदा) बंद केली वगैरे नको, केबलच काढा.

पण मामांसारखं जुनं सॉफ्टवेअर असेल, ज्याची सीडी हरवलीय आणि टाकून देणारा माणूस गाव सोडून गेलाय, तर नवीन विंडोजच्या भानगडीत पडूच नका, क्लोन करा. म्हणजे जुनी डिस्क आहे तशी एसएसडीवर उतरवायची. त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट टूल चालवून डिस्कची तब्येत बघा. निळं "गुड" असेल तर पुढे जा. पिवळं असेल, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) दाखवत असेल, तर क्लोन राहू दे, आधी फोटो आणि कामाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढा. अशा मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) चालवा असा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका, अख्खी डिस्क रगडून काढल्यावर ती तिथेच मान टाकू शकते आणि मग फोटोही गेले.

दुसरं, जागा. आपल्याकडे सी, डी, ई अशी पार्टिशनं पाडायची हौस, आणि ५०० जीबीतला मोठा भाग डी-ई मध्ये लग्नाचे व्हिडिओ. ते आधी बाहेर काढा, एसएसडीत मावेल एवढंच ठेवा. क्लोनचं टूल एसएसडीच्या कंपनीच्या साइटवर बहुतेक वेळा फुकट मिळतं, तेच वापरा. क्लोनझिला हे दुसरं फुकट टूल चांगलं आहे पण मोठ्या डिस्कवरून छोट्या डिस्कवर ते सरळ जात नाही, आधी पार्टिशनं आखूड करावी लागतात, पहिल्यांदा करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. आणि नुसता सी ड्राइव्ह निवडू नका! त्याच्या आधी एक छोटं, सी-डी असं अक्षर नसलेलं पार्टिशन असतं, सिस्टिम रिझर्व्ह्ड म्हणून, बूट तिथूनच होतं. तेही टिक करा.

मग तो पडदा येतो जिथे सोर्स आणि टार्गेट विचारतात. इथे कीबोर्डवरून हात काढा. दोन्ही डिस्कचं मॉडेल नाव आणि साइज आधीच कागदावर लिहून घ्या, सोर्स म्हणजे भरलेली जुनी, टार्गेट म्हणजे रिकामी नवी, पडद्याशी ताडून बघा, पुन्हा बघा, मगच ओके. उलटं झालं तर रिकामी एसएसडी तुमच्या भरलेल्या डिस्कवर उतरते. माझ्याकडून हे झालेलं नाही, पण एकदा बोट माउसवर होतं तेव्हा लक्षात आलं आणि घाम फुटला. तेव्हापासून कागद.

क्लोन झाला की रीस्टार्ट नाही, पूर्ण बंद करा. वायर भिंतीतून काढा. जुनी डिस्क सोडवा आणि तिच्याच पोर्टची केबल एसएसडीला लावा, पहिलं बूट एकट्या एसएसडीवरूनच झालं पाहिजे. दोन्ही ठेवून चालू केलं तर बऱ्याचदा जुनीवरूनच सुरू होतं आणि आपल्याला वाटतं एसएसडी टाकून काही फरक नाही पडला. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई असेल तर तोही आत्ता बदलू नका, "लोकं म्हणतात एएचसीआय फास्ट असतं" म्हणून मध्येच बदलला की निळा पडदा येतो. लॅपटॉप असेल तर क्लोन करताना एसएसडी बाहेरून जोडायला यूएसबी टू साटा केबल लागेल, बाकी सगळं सेम.

एसएसडी डब्यात बसवायला ब्रॅकेट नसेल तर डबल टेपने चिकटवा, आत हलणारं काही नाही, तिला काही होत नाही. बाहेरचं डीफ्रॅगचं (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारं) सॉफ्टवेअर असेल तर उडवा, एसएसडीला ते लागत नाही.

जुनी डिस्क महिनाभर कपाटात, वर तारखेची चिठ्ठी लावून. महिन्याने सगळं नीट असेल तर परत जोडा, बायोसमध्ये बूटला एसएसडी पहिली ठेवा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती "ऑफलाइन" दिसली तर घाबरू नका, क्लोनमुळे दोघींची ओळख एकच झालेली असते, राइट क्लिक करून ऑनलाइन करा, मगच पुसा.

एक मात्र एसएसडीने सुटत नाही. विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद, आणि विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, २०१३ चं मशीन त्यात बसत नाही. जुगाड करून टाकणारे आहेत, मी दुसऱ्याच्या मशीनवर ते करत नाही. फक्त ब्राउझर आणि यूट्यूब असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका, ४ जीबीत व्यवस्थित चालतं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड पण आहे. मामांच्या मशीनवर ते जमणार नव्हतं, त्यांचे फॉन्ट आणि डोंगल विंडोजलाच बांधलेले, म्हणून त्याचं इंटरनेटच काढून टाकलं. पत्रिकेची पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेतात आणि मोबाइलला जोडून व्हॉट्सअॅपवरून पाठवतात.