धुक्यातला धबधबा कॅमेऱ्यात कसा टिपावा

ठोसेघरच्या धबधब्यासमोरच्या सज्जातून मी पहिल्यांदा फोटो काढले, तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं छान दिसत होतं. घरी येऊन ते मोठ्या पडद्यावर उघडले, तर जवळपास प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात तोच दुधाळ डाग. काचेवर एक थेंब बसला होता आणि मी तासभर त्याच्यातूनच फोटो काढत राहिलो होतो. तेव्हापासून पावसात माझं पहिलं लक्ष त्या पुढच्या काचेवर असतं. शटर, फिल्टर, ट्रायपॉड सगळं त्यानंतर.

निघण्याआधी

जी लेन्स वापरायची ती घरीच लावून घ्या. तुषार उडत असताना लेन्स बदलणं म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात पाणी घालणं. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या ठोसेघरला आपण दरीच्या अलीकडे उभे असतो आणि धबधबा पलीकडे कोसळत असतो. तिथे १८-१३५ किंवा २४-१०५ मिलिमीटरसारखी झूम लेन्स पुरते.

मायक्रोफायबरची किमान चार फडकी घ्या आणि प्रत्येक वेगळ्या बंद पिशवीत ठेवा. ओलं झालेलं फडकं काच पुसत नाही, पाणी पसरवतं. लेन्सचं हूड (काचेभोवती पुढे येणारी कड), एक जाडसर प्लास्टिकची पिशवी, दोन रबरं आणि मोठी छत्री हवीच. पिशवीला लेन्सपुरतं भोक पाडायचं, ते हूडवर रबराने घट्ट बसवायचं आणि खालच्या उघड्या बाजूने हात घालायचा. छत्री धरायला सोबत कुणी असेल तर अर्धं काम झालं.

गाडीत एसी लावून गेलात तर थंड काचेवर बाहेरची दमट हवा लागताच वाफ धरते. पोचायच्या आधीच एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि कॅमेरा वीसेक मिनिटं बॅगेतच राहू द्या. ही वाफ पुसून जात नाही, पुन्हा पुन्हा धरते.

जागेवर

ट्रायपॉडचे पाय आधी रुंद फाकवा, मधला दांडा वर काढू नका. दरीतून वर येणारा वारा तो दांडा हलवतो आणि फोटो हलतो. ट्रायपॉडवर कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, बंद ठेवा.

पोलरायझर फिल्टर असेल तर लावा आणि सावकाश फिरवत राहा. ओल्या कातळावरची पांढरी चमक एका ठिकाणी येऊन एकदम नाहीशी होते, खडक काळाभोर दिसतो आणि पानांचा खरा हिरवा रंग वर येतो. शिवाय हा फिल्टर एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), त्यामुळे ढगाळ हवेत प्रकाश कमी करणाऱ्या वेगळ्या एनडी फिल्टरवाचूनही शटरचा वेळ लांबवता येतो.

आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, आकडा वाढला की छिद्र लहान होतं. छिद्र जितकं लहान, तितका काचेवरचा थेंब फोटोत ठळक उमटतो. शटर साधारण १/४ सेकंद ठेवून बघा. रेशमी पाण्यासाठी पाच-दहा सेकंदांचं शटर सुचवलं जातं, पण जुलै-ऑगस्टमध्ये ओसंडून वाहणाऱ्या धबधब्याचा तेवढ्या वेळात नुसता पांढरा पट्टा होतो. १/४ सेकंदात धारा मऊ होतात, तरी त्यांचे पदर वेगळे दिसतात. पाण्याचा जोर दाखवायचा असेल तर आयएसओ वाढवून १/१००० घ्या.

धुकं पांढरं असतं, पण कॅमेरा ते राखाडी करून टाकतो. म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. मात्र हिस्टोग्राम (अंधार ते उजेड दाखवणारा आलेख) उजव्या कडेला चिकटू देऊ नका, नाहीतर पाण्यातला तपशील कायमचा जातो.

धुक्यात ऑटोफोकस चाचपडत राहतो. पाणी जिथून कोसळतं, त्या काळ्या कडेवर फोकस घ्या आणि लगेच मॅन्युअल करा. काच पुसताना फोकसची रिंग सरकते, तेव्हा अधूनमधून पुन्हा तपासा.

आता थांबायचं. ठोसेघरला धुकं येतं तेव्हा समोरचा धबधबा पूर्ण गडप होतो, फक्त आवाज येत राहतो. लोक कंटाळून निघून जातात. तुम्ही निघू नका. धुक्याचा पडदा फाटतो तो अर्ध्या-एक मिनिटापुरता, आणि पूर्ण मोकळं होण्याची वाट बघायची नसते. ढगातून नुसती वरची धार बाहेर आलेली असते, खाली दरी पांढरी असते, अलीकडे एखादं काळं झाड असतं. मला तोच क्षण सर्वांत सुंदर वाटतो. आभाळ चौकटीबाहेर ठेवा, ते फोटोत कोऱ्या कागदासारखं दिसतं.

धुकं विरळ होऊ लागलं की काच मध्यापासून कडेकडे पुसा, दोन सेकंदांच्या टायमरवर बटण दाबा आणि कोरडं फडकं काचेसमोर न टेकवता धरून ठेवा. शटर उघडायच्या आत ते बाजूला घ्या. प्रत्येक फोटोला हे करायचं. दर दहा फोटोंनी चारही कोपरे झूम करून बघा.

मोबाइलवाल्यांनाही हेच लागू. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर हा परिणाम निवडला की पाणी मऊ दिसतं.

कठडा ओलांडून किंवा प्रवाहात उतरून फोटो काढू नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली लोंढा अचानक येतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज बदलला, तर ट्रायपॉड तिथेच टाकून वर या.

घरी आल्यावर

ओली बॅग बंद ठेवून झोपू नका. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. सगळं बाहेर काढून कापडाने टिपा, पंख्याखाली वाळू द्या, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. पोलरायझर मात्र त्याच रात्री लेन्सवरून काढा. त्याच्या आट्यांमध्ये पाणी साचून राहतं आणि डब्यात बंद झाल्यावर तेच आत मुरतं.