पावतीचा क्रमांक बदलला आणि दुसऱ्याची ठेव दिसली : सुरक्षेतील त्रुटी कळवावी कशी

काही वर्षांपूर्वी सांगलीतील एका पतसंस्थेच्या संकेतस्थळावरून मी आईच्या मुदत ठेवीची पावती उतरवून घेत होतो. पावती उघडली तेव्हा ब्राउझरमधील पत्त्याच्या शेवटी पावतीचा क्रमांक जसाच्या तसा दिसत होता, आणि संगणकावर रोज काम करणाऱ्याच्या मनात येते तीच शंका माझ्याही मनात आली : हा क्रमांक बदलला तर काय उघडेल? मागचा-पुढचा कोणताही आकडा घालून पाहणे सहज शक्य होते, परंतु ती पावती कोणा अनोळखी सभासदाची असती. मावशीची ठेव त्याच शाखेत होती. तिला सगळे समजावून सांगितले, तिची संमती घेतली आणि आईच्याच लॉगिनमधून मावशीच्या पावतीचा क्रमांक टाकला. मावशीचे नाव, पत्ता, ठेवीची रक्कम, वारसाचे नाव, सारे काही पडद्यावर आले. मी एक स्क्रीनशॉट घेतला, तारीख-वेळ वहीत लिहिली आणि ब्राउझर बंद केला.

अशा वेळी अनेकांना, विशेषतः अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या हुशार मुलांना, असे वाटते की जितका जास्त पुरावा गोळा करू तितके आपले म्हणणे संस्थेला पटेल. म्हणून ते शे-दोनशे पावत्या उतरवून घेतात, कधी त्यासाठी छोटा प्रोग्रॅमही लिहितात. इथेच सारे बिघडते. त्रुटी आहे हे सिद्ध करायला एक पावती पुरते. दुसऱ्या पावतीने त्या सिद्धतेत काहीच भर पडत नाही, मात्र परक्याची माहिती तुमच्या संगणकावर येऊन पडते आणि तिची जबाबदारी तुमच्यावर येते. शक्य असेल तेव्हा स्वतःची किंवा संमती दिलेल्या घरच्या माणसाची दोन खाती वापरावीत. काही बदलून, पुसून किंवा भरून पाहू नये, दुसऱ्याच्या पासवर्डवर प्रयोग करू नयेत, आणि चालू यंत्रणेवर ताण पडेल अशी स्वयंचलित तपासणी मुळीच करू नये.

कायद्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मधील कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणे किंवा तिच्यातील माहिती उतरवून घेणे यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चांगल्या हेतूने तपास करणाऱ्यासाठी या कलमांत वेगळी सूट लिहिलेली नाही. म्हणून एखाद्या संस्थेने त्रुटी कळवण्याविषयीचे धोरण जाहीर केले असेल तर ते आधी वाचावे आणि त्यातील मर्यादेतच राहावे. धोरण नसेल तर मुद्दाम त्रुटी शोधायला जाऊ नये, रोजच्या वापरात समोर आलेलीच कळवावी. तुमचा हेतू काय होता हे पुढे कोणी विचारले, तर वेळीच पाठवलेला पहिला ईमेल आणि त्यातील संयमच तुमच्या बाजूने बोलतो.

आता कळवायचे कोणाला? अनेक मोठ्या संस्थांच्या संकेतस्थळावर ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची एक साधी मजकुराची फाइल ठरावीक जागी ठेवलेली असते. एप्रिल 2022 मध्ये तिचे स्वरूप निश्चित झाले. संपर्काचा पत्ता आणि ती माहिती कधीपर्यंत ग्राह्य आहे ती तारीख, या दोन गोष्टी तिच्यात असाव्याच लागतात. आपल्याकडील पतसंस्था, दूध संघ, शाळा यांच्याकडे अशी फाइल सहसा सापडत नाही. तिथे व्यवस्थापक किंवा सचिव यांच्यापर्यंत पोहोचावे लागते, आणि त्यासाठी आपली जुनी पद्धतच कामी येते : दोन प्रतींत अर्ज लिहावा, आवक-जावक टेबलावर द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. मात्र या अर्जात त्रुटीचा तपशील लिहू नये. कागद चार टेबलांवरून फिरतो, त्याच्या झेरॉक्स निघतात. ‘आपल्या ऑनलाइन सेवेत सभासदांच्या माहितीस धोका पोहोचवणारी त्रुटी आढळली आहे, तपशील जबाबदार अधिकाऱ्यास ईमेलने देईन’ एवढेच पुरे.

प्रत्यक्ष तपशिलाचा ईमेल मी असा लिहिला होता :

‘दिनांक अमुक, सायंकाळी 7 वाजून 40 मिनिटांनी माझ्या आईच्या खात्यातून लॉगिन करून ठेव पावती उघडली. पत्त्याच्या शेवटी असलेला पावती क्रमांक बदलून, माझ्या मावशीच्या संमतीने, तिच्या पावतीचा क्रमांक टाकला असता ती पावती कोणत्याही अडथळ्याविना दिसली. हा प्रयोग एकदाच केला. अन्य कोणत्याही सभासदाची पावती उघडलेली नाही, काहीही उतरवून घेतलेले नाही. सोबतच्या स्क्रीनशॉटमधील नाव व रक्कम झाकली आहे. पावती दाखवण्यापूर्वी ती लॉगिन केलेल्या सभासदाचीच आहे का, याची तपासणी सर्व्हरवर होत नसावी असे वाटते. ही बाब मी अन्य कोणालाही सांगितलेली नाही. अधिक माहितीसाठी या क्रमांकावर फोन करावा.’

यात काय केले याइतकेच काय केले नाही हेही स्पष्ट लिहिले आहे, कारण वाचणाऱ्याच्या मनात पहिली भीती तीच असते. पायऱ्या अशा लिहाव्यात की समोरच्याला तुम्हाला न विचारता त्या करून पाहता येतील. बक्षिसाचा विषय स्वतःहून काढू नये. ‘इतके पैसे द्या, नाहीतर जाहीर करतो’ असा नुसता सूर जरी लागला तरी पत्राचा अर्थच बदलतो. भारतीय न्याय संहितेचे कलम 308 खंडणीविषयी आहे आणि पोलीस ते पत्र त्याच नजरेने वाचतील.

उत्तर लगेच येईलच असे नाही. मला पहिल्या आठवड्यात काहीच उत्तर आले नाही, आणि शाखेत गेल्यावर ‘तुम्ही हॅकर आहात का?’ असे विचारले गेले. अशा वेळी आवाज चढवून उपयोग होत नाही. घाबरलेल्या माणसाला शांतपणे सांगावे की तुमच्यावर आरोप करायला मी आलेलो नाही, तुमच्या सॉफ्टवेअर पुरवठादाराशी माझे बोलणे करून द्या. बहुतेक छोट्या संस्थांचे सॉफ्टवेअर बाहेरून घेतलेले असते आणि एकाच पुरवठादाराचे सॉफ्टवेअर अनेक संस्था वापरतात. त्यामुळे एका पतसंस्थेतील त्रुटी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे म्हणजे तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कितीतरी संस्थांच्या ठेवीदारांना उघड्यावर आणणे होय. रागाच्या भरातही हे करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोन-तीन स्मरणपत्रांनंतरही कोणी दाद देत नसेल तर संगणक सुरक्षेचे काम पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेकडे जावे. ती जानेवारी 2004 पासून कार्यरत आहे. तिच्या संकेतस्थळावर त्रुटी कळवण्यासाठीचा फॉर्म आहे, आणि मजकूर कुलूपबंद करून पाठवता यावा म्हणून सार्वजनिक किल्लीही दिलेली आहे. वीज, बँकिंग, दूरसंचार अशा अत्यावश्यक यंत्रणांच्या रक्षणाचे काम पाहणारी ‘एनसीआयआयपीसी’ ही संस्थाही असे अहवाल स्वीकारते. 1930 हा क्रमांक आर्थिक फसवणुकीच्या तक्रारींसाठी आहे, त्रुटी कळवण्यासाठी नाही. माहिती प्रत्यक्ष चोरीला गेल्याचे लक्षात आले तर संस्थेनेच 6 तासांच्या आत सर्ट-इनला कळवावे, असे 28 एप्रिल 2022 चे निर्देश आहेत. व्यवस्थापकांना हे नम्रपणे सांगितल्यास विषयाचे गांभीर्य लवकर ध्यानात येते.

दुरुस्तीसाठी किती वाट पाहावी? गूगलचा ‘प्रोजेक्ट झीरो’ हा संशोधन गट साधारण 90 दिवसांची मुदत देतो. स्वतःचा संगणक विभागही नसलेल्या संस्थेला त्याहून अधिक सवलत द्यावी असे माझे मत आहे, मात्र दर पंधरा दिवसांनी विचारणा चालू ठेवावी.

मला शेवटी पुरवठादाराच्या प्रोग्रॅमरचा फोन आला. त्याने दोन दिवसांत दुरुस्ती केल्याचे कळवले. मी पुन्हा तपासू का असे ईमेलने विचारले, लेखी होकार आल्यावरच पाहिले, तर पावतीच्या क्रमांकाच्या जागी आता अक्षरांची लांबलचक ओळ आली होती, पण मावशीच्या पावतीची ओळ आईच्या लॉगिनमध्ये टाकताच पावती पुन्हा उघडली. क्रमांक नुसता झाकला होता. पावती कोणाची हे सर्व्हर अजूनही विचारत नव्हता. तसे पुन्हा लिहिले. आणखी चार दिवसांनी तीच ओळ टाकल्यावर ‘ही पावती पाहण्याची आपणास परवानगी नाही’ एवढेच वाक्य पडद्यावर आले. त्या संध्याकाळी मी जवळचे सगळे स्क्रीनशॉट पुसून टाकले, तसे संस्थेला कळवले आणि मावशीलाही फोन करून सांगितले.