पुठ्ठ्याचे विमान: पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

गणपतीच्या मखरातून उरलेल्या पुठ्ठ्याचे मी रिमोटवर उडणारे पहिले विमान केले. हातातून सुटताच त्याने नाक वर केले, वेग गमावला आणि ते एका पंखावर कलंडून खाली आले. दोष मोटारीचा नव्हता, तोलाचा होता. मजबुतीच्या काळजीने आपण शेपटीला गोंद आणि चिकटपट्टी सढळ हाताने लावतो. पण शेपूट गुरुत्वमध्यापासून, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलून राहते तिथून, लांब असल्यामुळे तिथले दहा ग्रॅम तोलायला नाकाशी त्याच्या दुप्पट-तिप्पट वजन घालावे लागते. म्हणून पुठ्ठा कापण्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा जवळ घ्यावा आणि प्रत्येक भाग जोडण्यापूर्वी तोलून लिहून ठेवावा.

साध्या खोक्याचा तीन पदरी पन्हळीदार पुठ्ठा पुरतो. पंखात पन्हळी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्या पाहिजेत. त्यामुळे पंख सहज वाकत नाही आणि पुढची कड पन्हळीच्या रेषेत सुबक दुमडते. दुमडण्यापूर्वी बोथट सुरीने आतल्या बाजूला रेघ दाबावी, कागद फाटू देऊ नये. पंखाच्या आत आकाशकंदिलाला वापरतो तशी बांबूची सरळ कामटी, जमल्यास दोन, लांबीभर चिकटवावी.

मोटार, ईएससी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे सर्किट), सर्व्हो (शेपटीच्या हलत्या पट्ट्या फिरवणारी छोटी मोटार) हे सारे मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर विचारून पाहावे. एक मीटर पंखाच्या विमानाला २२१२ आकाराची १००० केव्हीची (म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, तर दर व्होल्टला मिनिटाला सुमारे हजार फेरे घेणारी) मोटार, ३० अँपिअरचा ईएससी, १० इंची प्रॉपेलर, ९ ग्रॅमचे सर्व्हो आणि ३ सेलची २२०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी चालते. ही बॅटरी चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नये, आणि जुळवाजुळव करताना प्रॉपेलर काढूनच ठेवावा.

पंखाची रुंदी २० सेंटिमीटर असेल, तर पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंटिमीटरवर दोन्ही पंखांखाली बोटे टेकवून विमान उचलावे. ते आडवे किंवा नाकाकडे किंचित झुकलेले राहिले पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर आधी बॅटरी पुढे सरकवावी. शिशाचे वजन हा शेवटचा उपाय.

मुंबईच्या पावसाळी हवेत पुठ्ठा ओल धरतो. जुलैत रात्रभर खिडकीशी ठेवलेला माझा एक पंख सकाळी पिळलेला निघाला. तेव्हापासून मी कापलेल्या कडा चिकटपट्टीने बंद करतो आणि वरून वॉर्निशचा एकच पातळ हात देतो, कारण दुसऱ्या हाताने वजन वाढते.

शहरात मात्र उडवू नये. सांताक्रूझचा विमानतळ आणि जुहूची धावपट्टी जवळ आहेत, शिवाय पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. ड्रोन कुठे उडवता येते हे दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा पाहून, शेतमालकाला विचारून, आम्ही कर्जतच्या पुढे भात कापणी झालेल्या मोकळ्या शेतात जातो. तिथे पहिल्यांदा मोटार बंद ठेवून, वाऱ्याकडे तोंड करून, विमान खांद्याच्या उंचीवरून अलगद सोडतो. ते सरळ तरंगत जाऊन पेंढ्यावर टेकले, तरच प्रॉपेलर बसवतो.