रोजचे जगणे, आवडीनिवडी आणि घरची माणसे : वहीतल्या प्रश्नांना उत्तरे कशी लिहावीत

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील घरांतून एक खेळ चाले. आवडता रंग, आवडता पदार्थ, आवडते काम अशा ठरावीक प्रश्नांना घरची आणि पाहुणी मंडळी एका वहीत आपापली उत्तरे लिहून देत. लंडनमध्ये राहणाऱ्या कार्ल मार्क्स यांनीही १८६५ साली अशी उत्तरे दिली होती. आवडता रंग लाल आणि आवडता पदार्थ मासे, असे त्यांनी लिहिले. पहिले उत्तर कोणालाही अपेक्षित वाटेल. दुसऱ्याने कुतूहल जागे होते आणि तिथेच थांबते, कारण कोणता मासा, कोणी रांधलेला, कोणाबरोबर बसून खाल्लेला, यांपैकी काहीच त्या एका शब्दात नाही. आज रोजनिशीसाठी प्रश्नांच्या तयार याद्या सहज मिळतात, तरीही अनेकांची वही थोड्याच पानांनंतर बंद पडते ती याच कारणाने : उत्तर एका ओळीत संपते आणि आपल्याकडे लिहिण्यासारखे काही नाही असे वाटू लागते. खरे तर आवडीनिवडीचे जवळजवळ प्रत्येक उत्तर थोडे पुढे नेले तर घरच्या एखाद्या माणसापाशी पोचते. तिथवर कसे जावे, हे पायरीपायरीने पाहू.

वहीची तयारी

वही कोणतीही चालेल. मात्र प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर पूर्ण तारीख, वर्षासह, आणि गावाचे नाव लिहावे. त्याखाली प्रश्न पूर्ण उतरवून घ्यावा. नुसते ‘आत्या’ किंवा ‘मोठी काकू’ लिहिण्याऐवजी पहिल्या उल्लेखात ती कोणाची कोण, हे स्पष्ट करावे. आपल्याला त्याची गरज वाटत नाही, पण ही वही पुढे नातवंडांच्या हाती गेली तर त्यांना दोन आत्यांमधली नेमकी कोणती, हे सांगणारे कोणी नसेल.

मोठा प्रश्न लहान करून घ्यावा

‘तुमचे बालपण कसे होते?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे जवळजवळ अशक्य आहे. त्याला ‘छान होते’ किंवा ‘कष्टाचे होते’ एवढेच उत्तर सुचते आणि दोन्ही अपुरी असतात. असा प्रश्न समोर आला की तो एका खोलीपुरता, एका वेळेपुरता, एका वस्तूपुरता आणावा : सुट्टीच्या दिवशी घरात सर्वांत आधी कोण उठे, आणि तुम्हाला ऐकू येणारा पहिला आवाज कशाचा असे? शाळेच्या डब्यात सोमवारी काय असे? घरात किल्ल्या कुठे ठेवत, आणि त्या हरवल्या की कोणावर ओरडा बसे?

ब्रिटनमध्ये १९३७ साली सुरू झालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या उपक्रमाने सामान्य माणसांकडून रोजच्या जगण्याच्या नोंदी लिहून घेतल्या. त्यातील एक सूचना अगदी साधी होती : घरातील शेकोटीवरच्या फळीवर काय काय आहे ते डावीकडून उजवीकडे लिहा. घड्याळ, मेणबत्त्या, पत्रे, छायाचित्रे अशा त्या याद्यांमधून त्या काळची घरे आज दिसतात. आपल्याकडे शेकोटीची फळी नसते; पण बैठकीतले शोकेस, देव्हारा, फ्रिजचा माथा किंवा स्वयंपाकघराचा ओटा असतो. सुरुवात करणाऱ्याने पहिले उत्तर याच पद्धतीने लिहावे, असे मी आग्रहाने सुचवीन. ओट्यावर आत्ता जे आहे ते डावीकडून उजवीकडे लिहावे आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कोणी आणली, केव्हापासून आहे, कोण वापरते, एवढेच नोंदवावे. मोडक्या कडीचे पातेले अजून का टाकलेले नाही, हे लिहिताना बहुधा पान पुरत नाही.

आवडीच्या प्रश्नाचे उत्तर पुढे न्यावे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ‘आवडता पदार्थ कोणता?’ असा प्रश्न आहे, असे समजू. प्रथम मनात येईल ते उत्तर एका ओळीत लिहून टाकावे : मला आमटी आवडते. मग त्या ओळीला चार प्रश्न विचारावेत. कोणाच्या हातची? कोणत्या घरात? इतरांच्या घरच्यापेक्षा तिच्यात वेगळे काय? आणि ती केव्हा मिळत नसे? शेवटचा प्रश्न लोक वगळतात, पण आवड कळते ती बहुतेक वेळा वाट पाहण्यातून किंवा नाकारले जाण्यातून, म्हणून तो अवश्य विचारावा.

या चार प्रश्नांनंतरचे उत्तर साधारण असे होऊ शकेल. हा केवळ नमुना आहे : ‘आमच्याकडे आमटीत चिंच-गूळ असे. आईचे माहेर सावंतवाडीकडचे, तिथे आमसूल घालत. सासरी आल्यावर आई बरीच वर्षे चिंचेचीच आमटी करी. आजी आत्याकडे राहायला गेली की मात्र फळीवरचा आमसुलांचा डबा खाली निघे. मला ती आमटी जास्त आवडे, आणि आजी परत येईपर्यंतच ती मिळणार हे ठाऊक असल्यामुळे मी पुन्हा पुन्हा भात मागून घेई.’ या पाच-सहा वाक्यांत चवीचे कौतुक करणारे एकही विशेषण नाही. तरीही सासर-माहेर, स्वयंपाकघरातला अधिकार, आईचा संयम आणि मुलाची जाण हे सारे त्यात आले आहे. ‘अप्रतिम’, ‘मायेची चव’, ‘तेव्हाचे दिवसच वेगळे होते’ असे शब्द लेखणीतून उतरू लागले, की तिथे काहीतरी पाहायचे राहून गेले आहे असे समजावे आणि त्या शब्दाच्या जागी एक वस्तू, एक कृती किंवा कोणाचे तरी एक वाक्य लिहावे.

आठवण येईनाशी झाली तर वासाची मदत घ्यावी. वासाचे संदेश मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांपर्यंत इतर संवेदनांच्या तुलनेत अधिक थेट मार्गाने पोचतात. म्हणून पदार्थाविषयी लिहिण्यापूर्वी मसाल्याचा डबा उघडावा किंवा शक्य असल्यास तो पदार्थ करून पाहावा आणि मग लिहायला बसावे.

नावडीचे प्रश्नही टाळू नयेत. ताटातली कारल्याची भाजी कोणाच्या ताटात सरकवली जाई, याचे उत्तर आवडत्या पदार्थाच्या उत्तराइतकेच घरातील नात्यांविषयी सांगते.

घरच्यांना विचारावे, आणि काळ निश्चित करून घ्यावा

कुटुंबाविषयीच्या प्रश्नांना एकट्याने उत्तर देता येत नाही. थोरांना विचारताना ‘आजी, तुमच्या वेळच्या आठवणी सांगा ना’ असे म्हटले तर त्या ‘काय सांगायचं, सगळं विसरले’ एवढेच म्हणण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी ‘आजी, लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून भरायचात?’ असे विचारावे. त्यांचे उत्तर ऐकताना त्यांचेच शब्द टिपावेत. त्या ‘चुलीम्होरं’ म्हणाल्या असतील तर वहीतही ‘चुलीम्होरं’च असावे, प्रमाण भाषेत बदलून घेतले की त्या माणसाचा आवाज वहीतून निघून जातो.

तारखा मात्र थोरांना सहसा सनात आठवत नाहीत. त्या घटनांत आठवतात. त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याने काही घटनांची वर्षे हाताशी ठेवावीत. पुण्याजवळचे पानशेतचे धरण फुटले ते १२ जुलै १९६१ रोजी, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या रात्री. मुंबईतील गिरणी संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला. आणे जाऊन नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ पासून. ग्रामीण महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ हा सर्वांत मोठा टप्पा आहे. लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), सुकडी (दुष्काळी कामांवर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ) आणि खडी फोडण्याची कामे यांचा उल्लेख आला की काळ आपोआप ठरतो. ‘पानशेत फुटलं तेव्हा मी चौथीत होते’ या एका वाक्यावरून बोलणाऱ्या आजींचा जन्म १९५२ च्या आसपासचा, हे मांडता येते आणि मग बाकीच्या आठवणी त्याभोवती रचता येतात. जुनी दिनदर्शिका घरात राहिली असेल तर ती अवश्य पाहावी. अनेक घरांत तिच्या चौकटींत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि पाहुण्यांचे येणे-जाणे लिहिलेले असते.

दोन माणसे एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगतील. घर विकले ते कर्जासाठी, असे काका म्हणतील आणि आत्या म्हणतील की वाटण्यांसाठी. अशा वेळी निवाडा करू नये. दोन्ही गोष्टी, कोणी सांगितल्या त्यासह, एकाखाली एक लिहाव्यात. ज्याने विश्वासाने काही सांगितले त्याला ‘हे वहीत लिहू का?’ असे विचारणे मात्र आवश्यक आहे, आणि नकार आला तर तो पाळावा. परगावी किंवा परदेशी असणाऱ्यांना हेच काम फोनवरून करता येते; संमती घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि त्याच आठवड्यात वहीत उतरवावा, कारण फोनमध्ये साठलेल्या ध्वनिफिती पुन्हा ऐकणे बहुधा राहूनच जाते.

जड प्रश्न

‘कोणाची माफी मागायची राहिली?’ यासारखा प्रश्न मधेच येतो. तो त्या दिवशी सोडून देण्यात काही चूक नाही. लिहायचे ठरवले तर वेळेची मर्यादा घालून घ्यावी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहिले होते. वेदनादायक प्रसंगातील घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक उदास वाटले, पण पुढील महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातील फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. म्हणून असे उत्तर झोपण्याच्या अगदी आधी लिहू नये आणि लिहून झाल्यावर घरातल्या कोणाशी तरी साधे बोलणे करावे. लिहिण्याने त्रास वाढतच राहिला तर वही बाजूला ठेवून जाणत्या समुपदेशकाची मदत घ्यावी.

किती आणि केव्हा

आठवड्यातून दोन प्रश्न पुरेसे आहेत. रोज एक असा नेम केला तर उत्तरे पुन्हा एका ओळीवर येतात. लिहिताना उजवे पान मोकळे ठेवावे. वर्षभराने तोच प्रश्न पुन्हा घेऊन, जुने उत्तर न खोडता, त्या मोकळ्या पानावर नवी तारीख घालून नवे उत्तर लिहावे. आणि मधल्या काळात आत्यांनी किंवा काकांनी दुरुस्ती सुचवली असेल तर तीही त्यांच्या नावासह त्याच पानावर नोंदवावी.